पीएच.डी.चा प्रश्न निवडताना

पुणे

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवणं, हे घेऊन सार्वजनिक सुरक्षेच्या विषयात पीएच.डी. करायची, पण कुठे आणि कुणाकडे, असं विचारलं आहेस. पैशांचं आधी सांगते, घरी पहिल्यांदा तेच विचारतील. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता, पुढे ४२,०००. पंतप्रधान संशोधन फेलोशिप ७०,००० पासून सुरू होते, पण तिची निवड फार कडक. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थाही फेलोशिप देतात; त्यांच्यापैकी कशाला तू पात्र आहेस तेही बघून ठेव. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं दिली आहेत. तू पाच धरून चाल.

प्रश्न कोणता घेणार, हे मात्र तू लिहिलंच नाहीस. माझा जीव त्यातच अडकला आहे.

मी नवी असताना रस्ते अपघातांच्या नोंदींवर काम करत होते. नकाशावर एका पुलाच्या बरोबर मध्यावर लाल ठिपक्यांचा ढीग दिसायचा आणि मॉडेलही तिथंच बोट ठेवायचं. आठ महिने मी त्या पुलामागे होते. मग एका हवालदारांनी मूळ नोंदवही माझ्यापुढे उघडली. निळ्या शाईत, पानामागून पान, एकच शब्द: ‘पुलाजवळ’. पंचनामा लिहिणारा ओळखीची खूण लिहितो, दुसरं करणार काय? गाड्या धडकत होत्या त्या अलीकडच्या लांबलचक उतारावर. ‘पुलाजवळ’चा अर्थ पुलाचा मध्य, असं आमच्या प्रोग्रॅमने धरलं होतं. त्या नकाशावर विसंबून कुणी उपाय केला असता तर तो चुकीच्या जागी झाला असता आणि उतारावर माणसं मरतच राहिली असती. ते पान अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून पहिले सहा महिने कोड कमी लिही आणि नोंदी कशा लिहिल्या जातात ते शेजारी बसून बघ.

चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांचं तुला आकर्षण आहे. एक हिशेब कर. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर एक लाख माणसं आहेत आणि त्यात पोलिसांना हवे असलेले दहा. यंत्रणा शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर आहे असं धर. ते दहा बहुधा सापडतील, पण त्यांच्याबरोबर जवळजवळ हजार निरपराध माणसंही अडवली जातील. शिवाय चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणारे बाजारातले प्रोग्रॅम तपासले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक ०.८ टक्क्यांच्या वर गेली नाही, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली.

गुन्हा कुठे घडेल याचं भाकीत करण्याच्या वाटेला जाऊ नकोस, हे मी स्पष्टच सांगते. गस्त जिथे जास्त तिथे नोंदी जास्त, आणि मॉडेल त्या नोंदी वाचून गस्त पुन्हा तिथेच पाठवतं. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ शहराने २०२०मध्ये यावर बंदीच घातली.

त्यापेक्षा आपल्या पायाखाली बघ. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा पूर येऊन घरांत शिरला. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि बाहेर पहिली खबर दिली ती एसटीच्या चालकाने, कारण तो पोचला तेव्हा गावच जागेवर नव्हतं. अशा घटनांची उदाहरणं डेटात मोजकीच असतात. थोड्या उदाहरणांवरून शिकायचं कसं, आणि इशारा खोटा ठरला तर पुढच्या वेळी लोक घर सोडतील का, यात पाच वर्षं सहज जातील. पावसाच्या बाजूसाठी पाषाणची आयआयटीएम, हवामान आणि मान्सूनवर संशोधन करणारी संस्था, तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे.

गाइड ठरवण्याआधी त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना चहाला बोलव. डेटा मिळायला किती महिने लागले आणि अडलं तेव्हा सर किंवा मॅडम कितीदा भेटले, एवढंच विचार. संस्थेचं नाव त्यानंतर बघ.

आणि प्रस्ताव मला इंग्रजीत नको पाठवूस. एका पानात, मराठीत लिही. ते हवालदार आता निवृत्त होऊन धायरीला राहतात. ते पान मी त्यांनाही वाचायला देणार आहे.

तुझी,
मॅडम