रात्रीचा फोन, आणि माझ्या हातून झालेला घोळ

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचं आमचं घर आठवलं. तुमचा दहावीतला मुलगा, रात्री दोनपर्यंत पांघरुणाखाली उजेड, फोन काढून घेतला तर दोन दिवस ताटावर बसला नाही. आणि आता तुम्ही विचारताय की तो झोपल्यावर फोन उघडून बघावा का. मी लिहितेय ती मुख्यतः ह्या शेवटच्या प्रश्नासाठी. प्रेमानं बोला, वेळ द्या वगैरे तुम्हाला कोणीही सांगेल. मी समुपदेशक नाही, बँकेत नोकरी करते, अनुभव एकाच मुलीचा. त्या मानानं घ्या.

लेक अकरावीत होती. ती अंघोळीला गेलेली, फोन पलंगावर. पॅटर्न मला ठाऊक होता, इंग्रजी झेड. पंधरा मिनिटांत जमेल तेवढं चाळलं. मुलगा, सिगारेट, ज्याची धास्ती होती त्यातलं काही निघालं नाही. निघालं ते तिच्या मैत्रिणीचं. वडील रोज पिऊन येतात, आई माहेरी जायचं म्हणते. तिथेच फोन ठेवला असता तरी निभावलं असतं. पण त्या दिवशी नणंद आलेली, तिच्याजवळ मन मोकळं केलं. नणंद त्या मैत्रिणीच्याच सोसायटीत राहते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं मैत्रिणीच्या आईला चार जणींसमोर, अगदी मायेनं विचारलं, "आता कसं आहे हो घरी?"

पुढचं सांगायला नको. मैत्रीण तुटली. लेक कॉलेजात एकटी डबा खायला लागली, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. ती माझ्यावर ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं पॅटर्न काढून सहा आकडी पासवर्ड टाकला आणि माझ्याशी "हो", "नाही", "जेवले" एवढ्यावर आली. जानेवारी ते जून.

म्हणून माझं मत, कोणाला पटो न पटो: चोरून बघू नका. मुलाच्या फोनमध्ये तो एकटा नसतो, दुसऱ्यांची पोरंही असतात. कोणी पैसे मागतंय, फोटोवरून धमकावतंय असा खरा संशय असेल तर जरूर बघा, पण त्याला समोर बसवून, सांगून. आणि सापडेल ते नणंद-जावांपर्यंत नेऊ नका.

उपाशी राहण्याबद्दल एक. रागानं एखादं जेवण टाळणं वेगळं. पण दोन दिवस जेवला नाही म्हणता, ते पुन्हा झालं, किंवा जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलला, तर इथे विचारत बसू नका, डॉक्टर गाठा. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, फुकट आहे.

आमच्याकडे शेवटी काय चाललं? "बोर्ड होईपर्यंत फोन बंद" हे चौथ्या दिवशी मोडलं, कारण क्लास. नाव घेत नाही, पण नोट्स रात्री साडेदहाला ग्रुपवर टाकायचे. ऑफिसात जाऊन म्हटलं, कागदावर द्या, नाहीतर संध्याकाळी टाका. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "मॅडम, आता सगळं ॲपवरच असतं." फी घेताना मात्र समोर बसवून चहा पाजला होता! तीन चकरा मारल्या, मग माझाच नंबर ग्रुपात घालून घेतला आणि सकाळी बँकेत जाताना झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढायला लागले.

मग नियम एकच ठेवला. रात्री फोन ओट्यावर, मिक्सरशेजारच्या प्लगला. ती म्हणाली अकरा, मी म्हटलं दहा, साडेदहावर तुटलं. शनिवारी बारा. मोडला तर दुसऱ्या दिवशी नऊ, हेही आधीच ठरलेलं, त्यामुळे आयत्या वेळी आरडाओरडा नाही. ह्या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि झोप येतेच मुळी उशिरा, त्यामुळे नऊला दिवा घालवून काही साधत नाही. नियम आम्हालाही लागू होता. पहिल्याच आठवड्यात नवरा बाथरूममध्ये क्रिकेट बघताना सापडला. लेक सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

जाता जाता, विषय वेगळा आहे पण दहावीनंतर तुमच्याकडेही निघेलच: स्कूटर. तिथे तर वाटाघाटच करू नका. अठराच्या आत ॲक्टिव्हा चालवताना पकडला तर पालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. २०१९ पासूनचा कायदा आहे. "सरकारचा नियम आहे, माझा नाही" म्हणायची सोय क्वचित मिळते, ती वापरा.

आणि ओट्याचा नियम लावणार असाल तर आधी साधं गजराचं घड्याळ आणा. आमच्याकडे "अलार्म लावायचाय" म्हणून फोन तीनदा परत खोलीत गेला होता.