किनारा खचतोय, कांदळवन लावलं तर थांबेल का?

किनारा कोणता, त्यावर आहे. उघड्या पुळणीवर लाटांचा थेट मारा असतो. तिथे कांदळाची रोपं पहिल्याच उधाणात उपटून येतात. तिथे मर्यादवेल लावा: वेलीचे हातभर तुकडे, दोन-तीन पेरं वाळूत पुरून, पाऊस सुरू झाल्यावर. पेरापेराला मुळं फुटतात आणि उडती वाळू धरली जाते. ये-जा एकाच वाटेने ठेवा, तुडवलेली वेल मरते. सुरूच्या झाडांवर मात्र भिस्त नको. मुळाखालची वाळू गेली की झाड आडवं.

खाडीच्या चिखलात कांदळ चालतं. शेंगेसारखं लांब रोप एक-तृतीयांश चिखलात खोचा, मीटरभर अंतराने. नेहमीची चूक म्हणजे पार ओहोटीच्या रेषेपर्यंत लावत जाणं. रोप जास्त वेळ बुडून राहतं, बार्नकल (खडकाला चिकटणारे कवचाचे बारके समुद्री जीव) चिकटून वाकतं. भरती-ओहोटीच्या मध्यरेषेच्या वरच्या बाजूची जागाच धरा.