सेफ्टी व्हॉल्व्हला डमी लावायची नाही: प्लंबिंग-हीटिंग शिकणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्लंबिंग आणि हीटिंगचं प्रशिक्षण घेणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून त्याच चार-पाच जागी येऊन अडतात. बहुतेकांचं मूळ एकच असतं: वर्गात एक शिकवतात आणि साइटवर मिस्त्री दुसरंच सांगतात. या वेळचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: वरची टाकी मोठी बसवली तर नळाला प्रेशर वाढतं का?

नाही. प्रेशर पाण्याच्या उंचीवर ठरतं, दर 10 मीटरला साधारण 1 बार. टाकी 500 लिटरची असो की 5000 ची, पाण्याची पातळी नळाच्या तीन मीटर वर असेल तर मिळणार 0.3 बारच.

प्रश्न: टेफ्लॉन टेप कोणत्या बाजूने गुंडाळायची? युनियनलाही, म्हणजे खोलता येणाऱ्या जोडालाही, लावायची का?

आट्यांचं टोक स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळलीत तर फिटिंग आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे आत जाऊन नळाच्या जाळीत अडकतात. युनियनच्या आणि कॉम्प्रेशन फिटिंगच्या नटाखालच्या आट्यांना टेप लावू नका. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, बैठक (एकमेकांवर घट्ट दाबून बसणारे पृष्ठभाग) अडवते. युनियन गळत असेल तर बैठकीवर कचरा किंवा चरा आहे का ते बघा.

प्रश्न: कॉपरच्या जोडात सोल्डर शिरतच नाही, थेंब होऊन खाली पडतं. मिस्त्री म्हणतात गॅस वाढव. किती वाढवू?

वाढवू नका. बिनशिशाचं सोल्डर साधारण 230 अंशांच्या आसपास वितळतं, तेवढी उष्णता तुमच्या टॉर्चमध्ये आहेच. चूक दुसरीकडे आहे. पाइपचं टोक बाहेरून आणि फिटिंग आतून तांब्याची लकाकी दिसेपर्यंत घासलंत का? घासल्यावर त्यावर बोट फिरवलंत का? बोटाचं तेलही पुरतं. फ्लक्सचा (सोल्डर धरायला मदत करणाऱ्या लेपाचा) पातळ थर लावा, पाइप आत टेकेपर्यंत घाला आणि ज्योत फिटिंगच्या अंगावर फिरवा, सोल्डरवर नाही. तार ज्योतीच्या विरुद्ध बाजूने जोडाला टेकवा. धातू पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपोआप फटीत ओढलं जातं. जाड तारेची पाइपच्या व्यासाइतकी लांबी, म्हणजे 15 मिलिमीटरच्या पाइपला साधारण 15 मिलिमीटर, एका जोडाला पुरते.

गॅस वाढवला की फ्लक्स जळून काळा पडतो, आणि काळ्या फ्लक्सवर काहीच धरत नाही. मग जोड सोडवून, घासून पहिल्यापासून सुरुवात. दुरुस्तीचं काम असेल तर पाइपात पाणी उरलंय का ते आधी बघा. चमचाभर पाणी असलं तरी ते पूर्ण उडेपर्यंत जोड शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. लाइन रिकामी करा आणि वाफेला वाट म्हणून जवळचा नळ उघडा ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला शिशाचं सोल्डर चालत नाही, रीळ स्वस्त मिळालं तरी. लाकडाजवळ किंवा इन्सुलेशनजवळ टॉर्च पेटवण्याआधी सुपरवायझरची परवानगी घ्या.

प्रश्न: सीपीव्हीसीचं सोल्युशन (प्लास्टिकचे पाइप चिकटवायचा गोंद) लावताना डोकं दुखतं, मळमळतं. तीन आठवडे झाले. मित्र म्हणतो सवय होईल.

सवय होण्याची ही गोष्ट नाही. त्यात टेट्राहायड्रोफ्युरानसारखे द्रावक (सॉल्व्हंट) असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात आणि डक्टच्या तळाशी साचते, आणि ती पेटतेही. दारं-खिडक्या उघडा, जोडागणिक डबा बंद करा, हातमोजे घाला. कापडी मास्कचा इथे उपयोग शून्य. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज (फिल्टर) असलेला मास्क लागतो. आणि तीन आठवडे कशाची वाट बघितलीत? डॉक्टरांकडे जा, जाताना सोल्युशनचं सुरक्षा माहितीपत्रक घेऊन जा.

प्रश्न: 100 लिटरच्या स्टोरेज वॉटर हीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह रोज पाणी तापताना टपकतो. दोनदा नवा बसवला, तरी तेच. ग्राहक कटकट करतो म्हणून सीनियर म्हणाला, तोंडाला डमी (तोंड बंद करणारा प्लग) लावून टाक. लावू का?

नाही. आणि आधीच लावली असेल तर हीटरची वीज मेन स्विचवरून तोडा, पाणी पूर्ण थंड होऊ द्या, तुमच्या निदेशकांना सांगा आणि त्यांच्यासमोर ती काढा. हा सल्ला इतक्या ठिकाणांहून ऐकू येतो की थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे.

10 अंशांचं पाणी 60 अंशांपर्यंत तापलं की साधारण 1.7 टक्के फुगतं. म्हणजे 100 लिटरच्या टाकीत पावणेदोन लिटर जास्तीचं पाणी तयार होतं, आणि पाणी दाबून लहान होत नाही. थंड पाण्याची लाइन मोकळी असेल तर ते मागे सरकतं. पण त्या लाइनवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल, किंवा मागे जाऊ न देणारा प्रेशर रिड्यूसिंग (दाब कमी करणारा) व्हॉल्व्ह असेल, तर त्याला जागाच उरत नाही. दाब चढतो, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब सोडून त्याचं काम करतो. ज्याला तुम्ही बिघाड म्हणताय ते टाकी वाचवणं चाललंय.

म्हणून टपकण्याची वेळ बघा. फक्त तापताना टपकत असेल तर एक्स्पान्शन टाकी (फुगलेल्या पाण्याला जागा देणारी, आत हवा आणि पडदा असलेली टाकी) नाही किंवा तिच्यातली हवा गेली आहे. दिवसरात्र टपकत असेल तर बैठकीवर क्षार बसलाय किंवा येणाऱ्या पाण्याचाच दाब जास्त आहे. गेज लावा, थंड असतानाचा आकडा लिहा, तापल्यावरचा लिहा. पाच मिनिटांत निदान होतं. पण गेज लावणाऱ्यापेक्षा नवा व्हॉल्व्ह विकणारे जास्त, म्हणून ग्राहक दोनदा पैसे मोजतो आणि पाणी टपकतच राहतं.

एक्स्पान्शन टाकी तपासताना हमखास होणारी चूक: लाइनमध्ये दाब असतानाच हवेच्या निपलला गेज लावायचा. तेव्हा गेज पाण्याचा दाब दाखवतो, टाकीतल्या हवेचा नाही. आधी वीज बंद करून पाणी थंड होऊ द्या, मग थंड पाणी बंद करा, गरम नळ उघडून दाब शून्यावर आणा, आणि नंतर मोजा. हवा येणाऱ्या थंड पाण्याच्या दाबाइतकी भरायची. निपलची पिन दाबल्यावर पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय, टाकी बदला.

आता डमी लावल्यावर काय होतं ते. एक दिवस थर्मोस्टॅट चिकटतो. हाय लिमिट कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा स्विच) कुणीतरी आधीच तारा थेट जोडून निकामी केलेला असतो, कारण तोही सारखा ट्रिप व्हायचा. गेजवर 7 बार दाब असेल तर पाणी 170 अंशांपर्यंत उकळत नाही, द्रवच राहतं. टाकी फाटली की दाब एका क्षणात उतरतो आणि त्या शंभर लिटरमधलं बारा-तेरा किलो पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. एका लिटरची वाफ साधारण सोळाशे लिटर जागा घेते. न्हाणीघराची भिंत यासाठी बांधलेली नसते.

टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोणताही कॉक नको. त्याच्या निचऱ्याचा पाइप बारीक करायचा नाही, उताराने खाली आणायचा, तोंड नजरेसमोर आणि उघडं ठेवायचं. जास्त बारचा व्हॉल्व्ह बसवून टपकणं थांबवणं म्हणजे दुसऱ्या नावाने डमीच; त्याचं सेटिंग टाकीच्या परवानगीच्या दाबापेक्षा जास्त चालत नाही. किती दाबाचा व्हॉल्व्ह आणि केवढी एक्स्पान्शन टाकी, हे उत्पादकाच्या पुस्तिकेतून आणि परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच ठरवून घ्या. सीनियर ऐकत नसेल तर निदेशकांना लेखी कळवा, आजच.

प्रश्न: गॅस गिझरची ज्योत निळी असली की तो सुरक्षित ना?

नाही. पिवळी ज्योत धोक्याची खूण आहे, निळी ही सुरक्षिततेची हमी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धुराडं आणि ताजी हवा तपासून, मोजणीचं उपकरण लावून परवानाधारक माणसानेच सांगायचं. प्रशिक्षणार्थीने गॅसचा एकही नट हलवायचा नाही.

प्रश्न: लाइन टेस्टिंगला पाण्याऐवजी कॉम्प्रेसरने हवा भरली तर काम लवकर होतं असं ऐकलं. करावं का?

प्लास्टिकच्या पाइपला मुळीच नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. जोड सुटला की तुकडे गोळीसारखे येतात. पाण्यात जोड सुटला तर दाब लगेच उतरतो. पाणी खालून हळू भरा, वरच्या टोकाला हवा पूर्ण काढा, मग हातपंपाने दाब चढवा. बहुतेक ठिकाणी चालू दाबाच्या दीडपट धरतात. नेमका दाब आणि वेळ कामाच्या कागदपत्रात बघा. आणि सोल्युशन सुकण्याचा वेळ डब्यावरच्या तक्त्यात असतो, घाईत नसतो.

प्रश्न: '15 दिवसांत प्लंबर आणि हीटिंग टेक्निशियन, नोकरीची हमी' अशी जाहिरात पाहिली. प्रवेश घेऊ का?

15 दिवसांत आटे पाडायला शिकाल. त्यांना विचारा: प्रत्यक्ष हाताने कामाचे तास किती? एका व्हाइसवर (पाइप धरायच्या शिकंज्यावर) विद्यार्थी किती? परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो का? नोकरीची हमी लेखी देता का? शेवटच्या प्रश्नाला विषय बदलला जातो. गॅस आणि विजेच्या कामाचे परवाने सहसा वेगळे असतात, आणि हे प्रमाणपत्र त्यासाठी चालतं की नाही हे परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारायचं, जाहिरातीतल्या नंबरवर नाही. फी त्यानंतर.

प्रश्न: पहिली हत्यारं कोणती घेऊ?

मेजरिंग टेप, पाणसळ, ओळंबा, दोन पाइप पाने, पाइप कटर, बर (कापलेल्या कडेचे धारदार कंगोरे) काढायचा रीमर. पाने दोन, कारण एकाने फिटिंग धरायची आणि दुसऱ्याने फिरवायची. एकाच पान्याने आवळलं की मागचा जोड सैल होतो. थ्रेडिंग मशीन आत्ता नको. घेण्याआधी संस्थेची यादी बघा, निम्मी हत्यारं तिथे मिळतात.