नाताळच्या पाकिटातली पॉलिसी

प्रश्न : आम्ही वसई तालुक्यातील एका गावात राहतो. मी खासगी रुग्णालयात परिचारिका असून माझ्या हातात दरमहा ३८,००० रुपये येतात. पती ४१ वर्षांचे असून त्यांना ५५,००० रुपये मिळतात. मुलगी ६ वर्षांची आहे आणि घराचे २४ लाखांचे कर्ज बाकी आहे. यंदा नाताळात घरच्यांनी वस्तूंऐवजी गिफ्ट कार्डे दिली : कॅनडातील भावाने ऑनलाइन खरेदीचे १२,००० चे, कुवेतहून आलेल्या नणंदेने इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचे १०,००० चे, सासूबाईंनी बँकेचे ५,००० चे आणि आईने कपड्यांच्या दुकानाचे ५,००० चे. हे ३२,००० वापरून ६८,००० चा मोठा फ्रीज घ्यावा आणि उरलेले ३६,००० बिनव्याजी हप्त्यांवर फेडावेत, असा विचार आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सेलमध्ये घ्यावा की दिवाळीपर्यंत थांबावे? जाता जाता एक आनंदाची बातमी सांगते. विमा एजंट असलेल्या चुलत दिरांनी मुलीला नाताळची भेट म्हणून तिच्या नावाने २० वर्षांची पॉलिसी काढून ६०,००० चा पहिला हप्ता स्वतः भरला. पुढचे ११ हप्ते आम्ही भरायचे आहेत. २० वर्षांनी १४ लाख, म्हणजे भरलेल्याच्या दुप्पट मिळतील, त्यामुळे तिच्या शिक्षणाची काळजी मिटली आहे.

उत्तर : फ्रीजचा विचार शेवटी करू, कारण तो महिनाभर थांबला तरी कोणाचे काही बिघडणार नाही. तुम्ही जिला आनंदाची बातमी म्हणता, ती मात्र थांबू शकत नाही. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत, अटी पसंत नसल्याचे कारण देऊन, ती परत करण्याचा हक्क ग्राहकाला असतो. तुम्ही नंतर कळवल्याप्रमाणे तुमची पॉलिसी २० डिसेंबरला ई-मेलने आली आणि छापील प्रत नाताळच्या दिवशी येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्याशेजारी ठेवलेल्या पाकिटातून मिळाली. मुदत ई-मेलच्या तारखेपासून धरणेच सुरक्षित आहे, म्हणजे १९ जानेवारीला ती संपते. मुदतीचा प्रश्न असल्यामुळे हा भाग तुम्हाला आधीच कळवला आहे. त्यामागची कारणे इथे सविस्तर देतो, कारण अशी पाकिटे यंदा केवळ तुमच्याच घरी आली असतील असे मला वाटत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये लाभ-तक्त्याचे, म्हणजे शेवटी किती मिळू शकेल हे दाखवणारे पान आहे. त्यात दोन रकाने आहेत, एक ४ टक्के परताव्याच्या गृहीतकाचा आणि दुसरा ८ टक्क्यांचा. तुमच्या दिरांनी सांगितलेले १४ लाख दुसऱ्या रकान्यातले आहेत. पहिल्या रकान्यात ९ लाख छापलेले आहेत, ज्यांचा उल्लेख त्यांनी केलेला दिसत नाही. यातले खात्रीचे फक्त ७ लाख, बाकीचा बोनस कंपनी जसा जाहीर करील तसा. म्हणजे सगळे मिळून ७ लाख २० हजार भरायचे आणि २० वर्षांनी खात्रीने ७ लाख मिळतील एवढेच कंपनीने लिहून दिले आहे.

तरीही कंपनीवर विश्वास ठेवून १४ लाख धरू. १२ वर्षे दरवर्षी ६०,००० भरून विसाव्या वर्षाअखेर १४ लाख मिळाले, तर परतावा वर्षाला सुमारे साडेचार टक्के पडतो. ९ लाख मिळाले तर तो जेमतेम दीड टक्का होतो. रकाना ८ टक्क्यांचा असताना हातात साडेचार का येतात, असा प्रश्न तुम्हाला पडेल. ते ८ टक्के कंपनीच्या गुंतवणुकीवरचे आहेत, आणि त्यातून कमिशन, कंपनीचा खर्च व विम्याची किंमत वजा झाल्यावर जे उरते ते तुमचे. 'दुप्पट' ऐकायला बरे वाटते, पण २० वर्षांत दुप्पट होणे ही आनंदाची गोष्ट नाही. महागाई ५ टक्के धरली तर त्या दिवशीच्या १४ लाखांची किंमत आजचे सव्वापाच लाख असेल. आज एवढ्यात अभियांत्रिकीची पदवी होते का, हे शेजारीपाजारी विचारून पाहा.

आता विमा म्हणून या पॉलिसीकडे पाहू. तिच्यात विमा तुमच्या ६ वर्षांच्या मुलीच्या जिवाचा आहे. ती घरात एक रुपयाही कमावून आणत नाही. जे ५५,००० आणतात, ज्यांच्या पगारावर २४ लाखांचे कर्ज फिटते आहे, त्या तुमच्या पतींचा विमा किती, असे मी विचारल्यावर तुम्ही कळवले की कंपनीने दिलेला ५ लाखांचा गट विमा आहे आणि तुमचा स्वतःचा काहीच नाही. नोकरी सुटली की हा गट विमाही सुटतो. उद्या दुर्दैवाने पतींचे काही बरेवाईट झाले तर ५ लाख येतील, कर्जाचे १९ लाख उरतील, आणि मुलीच्या पॉलिसीचा ६०,००० चा हप्ता दरवर्षी तुमच्या ३८,००० च्या पगारातून जातच राहील, कारण पालकाच्या मृत्यूनंतर पुढचे हप्ते माफ होण्याची जोडसुविधा यात घेतलेलीच नाही. कोठीत पाणी शिरत असताना दिवाणखान्याला रंग द्यावा, तसा हा प्रकार आहे. पत्रात विचारलेल्या आणि न विचारलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये मला सर्वांत गंभीर वाटली ती हीच.

दिरांनी पदरचे ६०,००० घातले, मग यात त्यांचा स्वार्थ कसला, असे घरात कोणीतरी नक्की म्हणेल. अशा पॉलिसींमध्ये एजंटाला सर्वांत घसघशीत कमिशन पहिल्या हप्त्यावर मिळते आणि पुढच्या प्रत्येक हप्त्यावरही थोडे थोडे येत राहते. त्यांनी ६०,००० देऊन तुमच्याकडून ६ लाख ६० हजारांची हमी घेतली आहे, आणि ती तोंडी नाही : पुढचे हप्ते खात्यातून आपोआप वळते होण्यासाठी पतींनी बँकेच्या आदेशावर सही करून दिली आहे. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. बहुतेक एजंटांचा आपण विकतो त्यावर मनापासून विश्वास असतो, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. परंतु विमा कायदा १९३८ चे कलम ४१ त्यांनी एकदा वाचायला हवे. विमा घ्यायला प्रवृत्त करण्यासाठी कमिशनमधला वाटा किंवा हप्त्यात सूट देण्यास त्या कलमाने मनाई केली असून १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एजंटाने स्वतःच विकलेल्या पॉलिसीचा हप्ता स्वतःच भरणे त्या रेषेच्या फार जवळ जाते.

शिवाय कराचा एक लहानसा काटा आहे. सख्खा भाऊ, नणंद, आई, सासू यांच्याकडून आलेल्या भेटींवर, त्या कितीही असल्या तरी, प्राप्तिकर लागत नाही. मात्र कायद्याच्या व्याख्येतील नातेवाइकांत चुलत भाऊ बसत नाही, आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० च्या वर रक्कम मिळाली की वरचीच नव्हे, तर सगळी रक्कम करपात्र ठरते. परस्पर भरलेला हप्ता 'मिळालेली रक्कम' ठरतो का, यावर वाद घालता येईल. पॉलिसी परत केली की तो वाद घालण्याचीही गरज उरत नाही.

तेव्हा पतींनी, दिरांमार्फत नव्हे तर स्वतः, कंपनीला ई-मेल करावा आणि जवळच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. 'अटी पसंत नसल्यामुळे पॉलिसी परत करीत आहे' एवढे एक वाक्य पुरते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. ते दिरांचे दिरांना द्यावेत. हप्ता वळता करण्याचा आदेशही बँकेत जाऊन रद्द करावा, कारण पॉलिसी गेली तरी आदेश जिवंत राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. दिरांचे मन मोडवत नाही, असे तुम्ही नंतर लिहिले आहे. ते मोडेल, आणि बहुधा पुढच्या लग्नकार्यापर्यंत जुळूनही येईल. मुलीला खरोखरच भेट द्यायची त्यांची इच्छा असेल, तर परत आलेल्या पैशांतले १०-१५ हजार ते तिच्या खात्यात भरू शकतात, ज्याच्यापुढे कोणालाच काही भरावे लागणार नाही.

मुदत हुकलीच, तरी दुसरा हप्ता भरू नका. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर पहिले वर्ष संपल्यावर काही सोडमूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळते. ते कमी असेल, पण त्यात गेलेला पैसा तुमचा नाही. तुमचे आहेत ते पुढचे ११ हप्ते.

वर्षाचे ६०,००० तुम्ही मनाने बाजूला काढलेच आहेत, तर ते असे लावावेत. पतींच्या नावाने १ कोटीचा, वयाच्या साठाव्या वर्षापर्यंतचा शुद्ध मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्यावा. त्याचा हप्ता वर्षाला साधारण वीस हजारांच्या आसपास येईल, तब्येत आणि सवयींप्रमाणे थोडा पुढेमागे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही लागत नाही. अर्जात तंबाखू आणि मद्याविषयी जे विचारले असेल त्याचे खरे उत्तर लिहावे, नाताळातली घरची वाइन धरून, कारण दावा नाकारण्याचे निमित्त आपण होऊन देण्यात अर्थ नाही. तुमच्या नावाने ५० लाखांचा वेगळा विमा घ्या, त्याला आठ-दहा हजार पुरावेत. उरलेले ३०,००० मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत, भरा. हे खाते मुलगी १० वर्षांची होण्याआधी उघडावे लागते, १५ वर्षे पैसे भरायचे असतात आणि २१ वर्षांनी ते पूर्ण होते. अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते. हे लिहिताना व्याजदर ८.२ टक्के आहे. सरकार तो दर तिमाहीला ठरवते, त्यामुळे तोच राहील असे धरू नका. पण राहिला तर वर्षाचे ३०,००० भरून सुमारे १४ लाख होतात, आणि सरासरी ७ टक्क्यांवर उतरला तरी १२ लाख. पॉलिसीत ७ लाख २० हजार भरून जे १४ लाख 'मिळाले तर मिळाले' होते, ते इथे साडेचार लाखांत जवळजवळ जमतात आणि तुम्हा दोघांचा दीड कोटींचा विमा त्याच पैशांत बसतो.

आता फ्रीज. तुमच्याकडे फ्रीजसाठी ३२,००० नाहीत. कपड्यांच्या दुकानाचे कार्ड फ्रीजला चालणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचे कार्ड ऑनलाइन संकेतस्थळावर चालणार नाही आणि तिथले कार्ड दुकानात चालणार नाही. दुकानात घेतला तर त्यांचे १०,००० आणि बँकेचे ५,००० असे १५,००० लागू पडतील आणि ५३,००० चे हप्ते होतील. बिनव्याजी म्हणतात त्या हप्त्यांत व्याज बहुधा किमतीत मुरवलेले असते किंवा रोखीवरची सूट नाकारून वसूल केलेले असते. क्रेडिट कार्डावर घेतल्यास प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी वेगळा. जुना फ्रीज चालतो, पण दार नीट बसत नाही आणि बर्फ साठतो, असे तुम्हीच नंतर लिहिले आहे. हे लक्षण बहुतेकदा दाराच्या कडेचे रबर सैल झाल्याचे असते. दारात कागद अडकवून ओढून पाहा; तो सहज सुटला तर मेकॅनिकला बोलवून रबर बदलून घ्या, काही शेकड्यांत किंवा फार तर हजार-दीड हजारांत काम होते. एवढे करूनही फ्रीज बदलावाच लागला, तर तिघांच्या घराला तीस हजारांच्या आतला पुरतो, आणि मग १५,००० ची कार्डे वापरून उरलेले रोख द्या. सेल प्रजासत्ताक दिनाचा असो वा दिवाळीचा, त्याने या हिशेबात फरक पडत नाही.

ऑनलाइनच्या १२,००० मधून येत्या दोन-तीन महिन्यांचे तेल, डाळी, साबण आणि मुलीच्या शाळेच्या वस्तू मागवा, आणि किराण्याचे जेवढे पैसे वाचतील तेवढे त्याच आठवड्यात बचत खात्यात टाका; नाहीतर ते कुठे गेले हे मार्चमध्ये कळणार नाही. बँकेने दिलेले गिफ्ट कार्ड १०,००० पेक्षा जास्त रकमेचे नसते, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही, पण किमान एक वर्षाची मुदत असते. दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला मात्र दुकान ठरवील ती मुदत, म्हणून आधी दुकानांची ती दोन कार्डे संपवा. कपड्यांचे कार्ड जूनच्या आधी मुलीच्या गणवेशाखेरीजच्या कपड्यांवर आणि पावसाळी जाकिटावर जाईल. सगळ्या कार्डांचे क्रमांक व पिन कागदावर लिहून ठेवा, आणि फोनवर ते मागणाऱ्याला, तो बँकेचे नाव सांगत असला तरी, देऊ नका.

सुकन्या खात्यासाठी मुलीचा जन्मदाखला, पालकाचे पॅन आणि आधार घेऊन पोस्टात जा. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जी शिल्लक असेल त्यावर त्या महिन्याचे व्याज धरतात, तेव्हा पहिली रक्कम ५ फेब्रुवारीच्या आत भरली तर बरे.