वाचकांचे प्रश्न : कच्छचे दगडी शिक्के

प्रश्न : माझे चुलते भूजला गलाई (सोनं-चांदी गाळायचं काम) करतात. दिवाळीला गावी येताना त्यांनी डबाभर गोल, चपटे दगड आणले. नारायण सरोवराला जाताना लखपत तालुक्यात रस्त्याकडेच्या ओढ्यात ते पैशांसारखे पसरले होते म्हणे. आजी त्यांना लक्ष्मीचे शिक्के म्हणते, त्यातले पाच तिने देव्हाऱ्यात ठेवलेत. चुलत्यांनी एक तेजाबात टाकून पाहिला, तर तो फसफसून विरघळला. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी त्यांचे दोन गट केलेत : रुपयाएवढे २६ आणि मसुराएवढे ४०. या दोन वेगळ्या जाती समजायच्या का? शिंपल्यांच्या कोणत्या वर्गात त्या बसतात? आणि आपल्या रेणावीच्या डोंगरात असे दगड का सापडत नाहीत?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : ते दोन गट आधी पुन्हा एका डब्यात घाल. मोठे आणि छोटे एकाच जातीचे असण्याची शक्यता बरीच आहे. नुसत्या आकारावरून त्यांना वेगळं करण्याची चूक मोठमोठ्या अभ्यासकांकडूनही झालेली आहे.

हे शिंपले नव्हेत. शिंपल्यात मऊ अंगाचा, पुष्कळ पेशींचा प्राणी राहतो. तुझ्या शिक्क्यात एकच पेशी राहत होती. रुपयाएवढं घर बांधणारी एक पेशी! पंचेचाळीस वर्षं मी हे दगड हाताळते आहे, तरी भिंगाखाली एखादा फुटका शिक्का धरला की हात क्षणभर थांबतोच. या जीवांच्या मोठ्या गटाला फोरॅमिनिफेरा म्हणतात आणि तुझ्या वर्णनावरून तुझे शिक्के त्यातल्या न्युम्युलाइटीस या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातले, दिसतात. लॅटिनमध्ये ‘न्युम्युलस’ म्हणजे छोटं नाणं. फ्रेंच निसर्गअभ्यासक लामार्कने हे नाव १८०१ मध्ये दिलं, म्हणजे तुझी आजी आणि लामार्क एकाच निष्कर्षाला आले. इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी हेच दगड विखुरलेले असतात. मजुरांच्या जेवणातली मसूर दगड झाली, असं तिथले लोक सांगत, ते ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. तूही मसुराचीच उपमा दिलीस.

शिंपल्याचा घोळ तुझ्या एकटीचा नाही. फ्रेंच अभ्यासक द’ऑर्बिन्यीने १८२६ मध्ये फोरॅमिनिफेरांना माकूळ आणि त्याचा कवचवाला नातेवाईक नॉटिलस यांच्या पंगतीला बसवलं होतं, कारण आत गुंडाळत गेलेले कप्पे दिसतात. १८३५ मध्ये द्युजार्दँ या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने जिवंत नमुने पाहून सांगितलं की आत ना तोंड, ना पोट, नुसता चिकट जीवरस आहे. पुढे त्यांना आदिजीवांत घातलं आणि आता जनुकांच्या आधारे ऱ्हायझेरिया या गटात ठेवतात. पण तुझ्या शिक्क्यांतून जनुकं मिळणार नाहीत. नष्ट झालेल्या जीवाचं वर्गीकरण करताना आपल्या हातात असतं फक्त कवच, आणि ते कुठल्या थरातून आलं ही माहिती.

आता लहान-मोठ्याचं कोडं. ऊस कांडी लावून करतात. कांडीत साठा भरपूर, म्हणून कोंब सुरुवातीलाच जाड येतो. तुऱ्यातल्या बीपासून केला तर रोप केसासारखं बारीक असतं. फोरॅमिनिफेरांतही असे दोन प्रकारचे जन्म असतात, हे त्यांच्या आजच्या नातेवाइकांत पाहिलेलं आहे. कधी आईचा जीवरसच वाटला जाऊन पिल्लं होतात, त्यांची पहिली खोली मोठी असते. कधी दोन सूक्ष्म युग्मकं (प्रजननपेशी) एकत्र येऊन जीव सुरू होतो, त्याची पहिली खोली अगदी बारीक. गंमत अशी, की न्युम्युलाइटीसमध्ये मोठ्या खोलीने सुरुवात करणारा शिक्का छोटाच राहतो आणि बारीक खोलीवाला वाढत वाढत रुपयाएवढा होतो. एकोणिसाव्या शतकात या दोघांना दोन जाती धरून दोन नावं दिली गेली. अशी जोडी पुढे एकच ठरली, की जे नाव आधी छापलं गेलं ते टिकतं.

त्यामुळे आत बघितल्याशिवाय काही ठरत नाही. एक मोठा शिक्का चिमट्यात धरून गॅसवर चांगला तापव आणि लगेच गार पाण्यात टाक. बरेचदा तो मधोमध फुटून त्याच्या दोन चकत्या होतात. डोळ्यांवर चष्मा हवा, कपच्या उडतात. चुलत्यांच्या भट्टीत मात्र घालू नकोस : सोनं वितळवायला १०६४ अंश लागतात, तेवढ्या उष्णतेत या कवचाचा चुना होईल. तेजाबही पुरे. तो फसफसला म्हणजे कवच कॅल्शियम कार्बोनेटचं आहे, एवढं एकदा कळलं, बास. मसुराएवढे शिक्के फुटत नाहीत नीट. ते मी साताऱ्यात ओट्यावरच काचेवर पाणी घालून पॉलिश पेपरने घासते, अर्धी जाडी जाईपर्यंत. शेवटी बोटाने हलकेच. एक घासणी जास्त झाली की पहिली खोलीच निघून जाते.

मग दहापट भिंग लाव. चकलीसारखा वेढा दिसला आणि वेढ्यात आडव्या भिंतींनी कप्पे पाडलेले दिसले, तर न्युम्युलाइटीस किंवा त्याची बहीण असिलिना. न्युम्युलाइटीसचा प्रत्येक नवा वेढा जुन्याला दोन्ही बाजूंनी झाकतो, म्हणून बाहेरून चकली दिसत नाही. असिलिनात वेढे बाहेरूनच मोजता येतात. चकलीऐवजी झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसली, तर ती डिस्कोसायक्लिना. तिचं कुलच वेगळं. कच्छच्या फुलरा चुनखडकात तिन्ही मिळतात, तेव्हा तुझ्या ६६ मध्ये मिसळ असू शकते. जात ठरवताना कप्प्यांच्या भिंतींचा बाक, वेढ्यांमधलं अंतर आणि पहिल्या खोलीचा व्यास पाहायचा. छोट्या शिक्क्यात ती खोली टाचणीच्या टोकाएवढी दिसेल, मोठ्यात भिंगानेही सापडणार नाही.

‘नष्ट प्रजाती’ हा शब्दही जपून वापरायचा. या शिक्क्यांचा बहर इओसीन काळात, साधारण ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा. मोठ्या जाती त्यानंतर संपल्या. पण जपानमधल्या ओकिनावाच्या समुद्रात आजही त्यांच्यासारखा वेढा घालणारी एक छोटी जात राहते. काही अभ्यासक तिला न्युम्युलाइटीसच म्हणतात, काही वेगळ्या प्रजातीत ठेवतात. मला दुसरी बाजू पटते, पण पहिलीला मी चूक म्हणणार नाही. प्रजातीची कुंपणं आपणच घातलेली असतात.

रेणावीचं उत्तर सोपं आहे. आपला डोंगर लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला. कच्छच्या त्या भागात नंतर उथळ, उबदार समुद्र होता, तिथे हे जीव वाढले. आपल्याकडे तो आलाच नाही. रेणावीला असा शिक्का मिळालाच, तर तो कुणाच्या तरी खिशातून पडलेला.

एक गोष्ट मात्र आजच कर. चुलत्यांना फोन लाव आणि कुठलं गाव, कुठला ओढा, खडकातून काढले की खाली पडलेले वेचले, हे विचारून चिठ्ठी डब्यात टाक. एका संग्रहात मी फार सुंदर शिक्के पाहिले होते; चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या. त्यांना नाव देता येत होतं, वय देता येत नव्हतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. हेही विचार, की त्यांनी दिसतील ते सगळे उचलले की डोळ्यांत भरणारे मोठेच. सहसा थरात छोटे खूप जास्त असतात, मोठे थोडे. तुझ्याकडे २६ ला ४० हे प्रमाण ओढ्याचं आहे की चुलत्यांच्या निवडीचं, ते त्यावरून कळेल.

देव्हाऱ्यातले पाच फोडू नकोस. आजीला विचारून त्यांची फक्त मापं घे आणि वहीत लिही.