आधी कुत्री फिरवा, शिकवणी मग

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोथरूडला सहा वर्षं कुत्र्यांचं बोर्डिंग चालवताय, वहिनींना इंग्लंडमधल्या रेडिंगच्या रुग्णालयात नर्सची नोकरी लागली आहे, आणि मार्चमध्ये इथे आल्या आल्या बोर्डिंग आणि ट्रेनिंग दोन्ही एकदम सुरू करावं असा तुमचा बेत आहे. मेरठला सैन्याच्या श्वानपथकात नोकरी केलेल्या निवृत्त सुभेदारांकडे तुम्ही ट्रेनिंग शिकलात, ही मोठीच जमेची बाजू आहे. मी साताऱ्याची. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि गेली सात वर्षं याच गावात हाच धंदा करते आहे. म्हणून आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. ट्रेनिंग जरूर करा, पण पहिल्या वर्षी नको. पहिलं वर्ष इथली कुत्री आणि इथली माणसं बघण्यात घालवा.

आधी व्हिसाचं, कारण ते नसेल तर बाकी सगळं हवेत. वहिनी नर्स म्हणून येत आहेत, त्यामुळे तुम्हाला त्यांचे जोडीदार म्हणून येता येईल. (केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारे, म्हणून येणाऱ्यांना नवरा-बायको, मुलं आणायला मार्च २०२४ मध्ये बंदी आली, त्यामुळे कुणाच्या ऐकीव गोष्टीवर घाबरून जाऊ नका. तुमचा मामला वेगळा आहे.) जोडीदाराच्या व्हिसावर नोकरीही करता येते आणि स्वतःचा धंदाही. तुमच्या भाच्याला स्टुडंट व्हिसावर बोलावून भागीदार करायचं म्हणता, तो विचार मात्र सोडून द्या. विद्यार्थ्याला इथे स्वतःचा धंदा करायला मनाई आहे. दोन कुत्री पैसे घेऊन फिरवली, तरी तो धंदाच धरला जातो.

आता परवान्याचं. तुम्ही लिहिलंय, ‘बोर्डिंग तर घरच्या घरीच करायचं, त्याला कसला परवाना?’ इथेच नेमका लागतो. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून नवे नियम लागू आहेत. दुसऱ्याचं कुत्रं पैसे घेऊन रात्री घरात ठेवायचं असो की दिवसभर सांभाळायचं असो, स्थानिक कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवाना हवाच. निरीक्षक घरी येतो. कुंपण किती उंच आहे, कुत्र्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवता येतं का, आजारी पडलं तर कुठल्या व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) नेणार, आग लागली तर बाहेर कसं काढणार, हे सगळं लेखी मागतो. त्यावरून एक ते पाच तारे मिळतात आणि परवाना एक, दोन किंवा तीन वर्षांचा निघतो. तारे जितके जास्त, तितकी मुदत जास्त. फी प्रत्येक कौन्सिलची वेगळी असते. तुम्ही भाड्याच्या घरात राहणार, तेव्हा घरमालकाची लेखी परवानगी करारावर सही करण्याआधीच घ्या. आमच्या पहिल्या घरमालकाने तोंडी ‘हो’ म्हटलं होतं. अर्ज करायची वेळ आली तेव्हा कागदावर लिहून द्यायला नकार दिला आणि माझे आठ महिने वाया गेले.

गंमत अशी की कुत्री फिरवायला असा परवाना लागत नाही आणि ट्रेनिंगलाही नाही. उद्या कुणीही उठून स्वतःला डॉग ट्रेनर म्हणवू शकतो. तुम्हाला ही सोय वाटली असेल, पण मला ती अडचण वाटते. परवाना नाही म्हणून गिऱ्हाईक प्रश्न विचारतं: कुठे शिकलात, कुणाच्या यादीत नाव आहे, कुठल्या पद्धतीने शिकवता? ‘ॲनिमल बिहेवियर अँड ट्रेनिंग कौन्सिल’ नावाची एक संस्था आहे, ती ट्रेनरांची आणि वर्तनतज्ज्ञांची नोंदवही ठेवते. व्हेट बहुतेकदा तीच यादी बघून नाव सुचवतात. त्या यादीत ट्रेनर वेगळा आणि वर्तनतज्ज्ञ वेगळा, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘बसायला शिकवा’ हे ट्रेनरचं काम. ‘आमचं कुत्रं घरातल्या मुलाला चावतं’ हे वर्तनतज्ज्ञाचं काम, आणि तेही व्हेटने तपासून पाठवल्यावर. इथे १९६६ च्या कायद्याने प्राण्याच्या आजाराचं निदान फक्त नोंदणीकृत व्हेटनेच करायचं असतं. अचानक गुरगुरायला लागलेल्या कुत्र्याचा बऱ्याचदा कान दुखत असतो किंवा कंबर धरलेली असते. तिथे आपण शिकवायला बसलो, तर त्या मुक्या जिवावर अन्यायच होतो.

आता सुभेदारांच्या पद्धतीविषयी, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. त्यांनी तुम्हाला कुत्र्याकडे बघायला शिकवलं असेल, वेळेची शिस्त लावली असेल, ते सगळं घेऊन या. चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, मात्र तिकडेच ठेवून या. वेल्समध्ये विजेचा झटका देणारे पट्टे २०१० पासूनच बंद आहेत. इंग्लंडमध्ये चोक चेनवर बंदी नाही, पण वर सांगितलेली यादी ठेवणारी संस्था ती चालवून घेत नाही, आणि पार्कात ती ओढताना एकदा कुणी पाहिलं की गावभर नाव खराब होतं. पण मी हे गिऱ्हाइकाच्या धाकाने सांगत नाही. झटका बसला की कुत्रं थांबतं, हे खरंच आहे. पण ते का भुंकत होतं, ते कारण आत तसंच राहतं. आधी गुरगुरून सांगायचं, आता न सांगता चावतं. मी अशी दोन कुत्री पाहिली आहेत आणि दोन्ही वेळा मालकाला वाटत होतं की ट्रेनिंग छान झालं आहे.

इथली कुत्री आपल्या कुत्र्यांपेक्षा वेगळ्या दुनियेत वाढतात, हे समजायला मला वर्ष लागलं. पुण्यातल्या सोसायटीत पिल्लू जिन्यात आलं की दूधवाला, वॉचमन, कामाच्या मावशी, खालची चार भटकी कुत्री, रिक्षा, फटाके, लग्नाचा बँड, सगळं आपोआप भेटतं. इथे रस्त्यावर भटकं कुत्रं सहसा दिसत नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं घरी येतं, लसी पूर्ण होईपर्यंत त्याला जमिनीवर चालू देत नाहीत आणि घरात दोन माणसं असतात. पिल्लाचं मन जगाला सरावतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तो काळ शांत घरात निघून गेला की पुढे प्रत्येक नवी गोष्ट संकट वाटते. म्हणून इथे सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘रिॲक्टिव्ह’. दुसरं कुत्रं दिसलं की पट्ट्याच्या टोकाला उभं राहून बोंब ठोकणारं कुत्रं. त्यात कोविडच्या टाळेबंदीत घरोघरी पिल्लं आली, माणसं चोवीस तास घरात होती, आणि मग ऑफिसं उघडल्यावर ती कुत्री एकटी राहू शकेनात. माझ्याकडे आजही निम्मी चौकशी त्याचीच येते.

मागणीही वेगळी. तुमच्याकडे लोक म्हणतात, पाहुण्यांवर उड्या मारू नयेत, घरात शू करू नये, शेकहँड द्यावा. इथे पहिली मागणी असते ती हाक मारल्यावर परत येण्याची. कारण इथे मैदानात, जंगलात कुत्री मोकळी सोडतात. दुसरी, पट्टा न ओढता चालण्याची. तिसरी ऐकून तुम्हाला नवल वाटेल: पबमध्ये टेबलाखाली तासभर शांत पडून राहण्याची. हे तिसरं मीही कधी शिकले नव्हते. एका म्हाताऱ्या बाईंच्या कुत्र्याला रोज फिरवता फिरवता, वाटेतल्या बाकावर बसून, मी आधी स्वतः शिकले आणि मग त्याला शिकवलं.

म्हणून सांगते, पहिलं वर्ष फिरवण्याचं. सकाळी दोन फेऱ्या, दुपारी दोन. एका फेरीत चारपेक्षा जास्त कुत्री नेऊ नका, विमा कंपनीही बहुधा आकड्याची अट घालते. विमा घेताना नुसता लोकांना झालेल्या इजेचा घेऊ नका, तुमच्या ताब्यात असताना कुत्र्याला काही झालं तर त्याचाही घ्या. कायदा असा आहे की कुत्रं ज्याच्या हातात असेल, त्याच्यावरही जबाबदारी येते. १९९१ चा धोकादायक कुत्र्यांचा कायदा २०१४ पासून खासगी घरात आणि बागेतही लागू आहे, आणि तो कुठल्याही जातीच्या कुत्र्याला लागू होतो. शिवाय पिट बुलसारख्या काही जातींवर बंदी आहे. एक्सएल बुली ही दांडग्या अंगाची जात १ फेब्रुवारी २०२४ पासून बंदीतून सूट दिल्याच्या प्रमाणपत्राशिवाय बाळगता येत नाही, आणि बाहेर नेताना अशा कुत्र्याला तोंडाला जाळी आणि पट्टा सक्तीचा आहे. ‘क्रॉस आहे हो, काही करत नाही’ असं म्हणून कुणी तसं कुत्रं घेऊन आलं, तर आधी प्रमाणपत्र मागा. गावाबाहेर मेंढ्यांच्या कुरणात मोकळं सोडू नका. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला काही परिस्थितींत शेतकरी गोळीसुद्धा घालू शकतो.

माझी चूक सांगते, म्हणजे तुमची वाचेल. तिसऱ्या वर्षी मला वाटलं, बोर्डिंग आहेच, तर कुत्रं दोन आठवडे ठेवून शिकवूनच परत द्यावं. पैसे दुप्पट. एक कॉकापू (कॉकर आणि पूडलचा संकर) आला. माझ्याकडे पंधरा दिवसांत शहाणा झाला: दारात बसायचा, हाकेला यायचा. घरी गेला आणि चौथ्या दिवशी पूर्वीसारखा. मालकीणबाईंचा राग रास्त होता. मी कुत्र्याला शिकवलं होतं, त्यांना काहीच नाही. तो माझा आवाज, माझं अंगण, माझ्या खिशातलं चिकन ओळखत होता. मी सगळे पैसे परत केले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन सहा शनिवार फुकट शिकवलं, कुत्र्याला कमी आणि त्यांना जास्त. तेव्हापासून कुत्रं ठेवून शिकवणं बंद. आता माझ्याकडे बोर्डिंगला आलेल्या कुत्र्याचे मी फक्त धडे चालू ठेवते, जे मालकाने आधीच वर्गात घेतलेले असतात. बोर्डिंगला ट्रेनिंग जोडायचं ते असं. यातून एक फायदाही होतो: दहा दिवस कुत्रं तुमच्या घरात राहिलं की ते कशाला घाबरतं, कुठे झोपतं, कधी चिडतं, हे तुम्हाला मालकापेक्षा नीट कळतं. परत देताना एक पानभर लिहून द्या. माझे निम्मे विद्यार्थी त्या एका पानातून आले.

दुसऱ्या वर्षी कुणा चांगल्या ट्रेनरच्या वर्गात मदतनीस म्हणून उभे राहा. पैसे मिळणार नाहीत, पण भाषा मिळेल. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, ते प्रश्न नाही. इथे ‘तुम्ही चुकताय’ असं कुणी म्हणत नाही. ‘आपण एकदा असं करून बघूया का?’ असं म्हणतात. आपण सरळ बोलतो, आणि त्या सरळपणाने माझी पहिल्या वर्गातली दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या शनिवारी आलीच नाहीत. मग गावातला चर्चचा किंवा सामाजिक हॉल तासावर भाड्याने घ्या, सहा आठवड्यांचा वर्ग ठेवा, सहा कुत्र्यांच्या वर नको. मी एका कुत्र्याचे सहा आठवड्यांचे ११० पौंड घेते. केनेल क्लब या इथल्या कुत्र्यांच्या संस्थेची ‘गुड सिटिझन’ नावाची योजना आहे: पिल्लांचा पाया, मग कांस्य, रौप्य, सुवर्ण. लोकांना त्या प्रमाणपत्राचं फार कौतुक असतं आणि अभ्यासक्रम आयता मिळतो.

नोव्हेंबरची तयारी सप्टेंबरात करा. ५ नोव्हेंबरला इथे घरोघरी फटाके उडतात, आणि आसपासच आपली दिवाळी. आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांचा खास वर्ग मी सप्टेंबरात घेते. तो दर वर्षी भरतो. आणि फटाके काय असतात हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हिशेबाचं थोडक्यात: एकट्याच्या नावाने धंदा नोंदवा, कंपनी काढायची घाई नको. करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. वर्षाची उलाढाल १,००० पौंडांच्या वर गेली की ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरपर्यंत कर खात्याकडे नोंद करायची. व्हॅट ९०,००० पौंडांनंतर, त्याची चिंता आत्ता नको.

राहिली तुमची कारवान जातीची कुत्री. तिला आणा, पण मार्चमध्ये तुमच्याबरोबर येईल असं धरू नका. भारतातून येणाऱ्या कुत्र्याला आधी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी, आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबणं. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत, पुन्हा द्यावी लागते, म्हणून आजच चिपची तारीख तपासा. निघण्यापूर्वी जंताचं औषध व्हेटकडून, पोचण्याच्या २४ ते १२० तास आधीच्या मुदतीत. कुत्री विमानात माल (कार्गो) म्हणूनच येते, तुमच्या पायाशी नाही. पिंजऱ्यात झोपायची सवय आत्तापासून लावा: दार उघडं ठेवून, आत तिची जुनी गोधडी टाकून, रोज थोडा वेळ. माझ्या ओळखीच्या एका घरातल्यांनी तेवढं केलं नाही आणि हीथ्रोवर उतरलेलं कुत्रं चार दिवस जेवलं नाही.

इकडे आलात की पहिल्याच शनिवारी साडेनऊला आमच्या हॉलवर या. टेम्सच्या काठचा चिखल मार्चमध्ये घोट्यापर्यंत असतो, तेव्हा रबरी बूट तिकडून आणू नका, इथे स्वस्त मिळतात.