‘बघतो’ म्हणजे काय?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परदेशी कामावर जाणाऱ्यांची तयारी करून घेण्याचं काम आता तुझ्याकडे आलं, हे ऐकून फार बरं वाटलं. नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातून पाच जण नोव्हेंबरात जर्मनीला, सहा महिन्यांसाठी. तू पाठवलेली यादी मी दोनदा वाचली. गरम कपडे, प्लगचा अडॅप्टर, काट्या-चमच्याने जेवणं, जर्मनची पन्नास वाक्यं. हे सगळं हवंच. पण माणूस तिथे खरा अडकतो ती जागा या यादीत नाही.

मी सातपूरला असताना टूलरूममधला एक अतिशय हुशार गडी स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात पाठवला होता. तिथल्या प्रमुखाने सोमवारच्या बैठकीत विचारलं, फिक्स्चर (मशीनवर सुटा भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट) गुरुवारपर्यंत होईल का? आपला माणूस म्हणाला, ‘प्रयत्न करतो.’ त्याच्या मनातलं वाक्य होतं, ‘बघतो.’ आणि सिडकोपासून सिन्नरपर्यंत कुणालाही विचार, ‘बघतो’चा अर्थ बहुतेक वेळा ‘अवघड आहे, पण तुमच्या तोंडावर कसं सांगू’ असाच असतो. त्या प्रमुखाने वहीत ‘गुरुवार’ लिहून घेतलं. मंगळवारी आपल्या माणसाला कळून चुकलं की होत नाही. बुधवारी तो रात्री उशिरापर्यंत थांबला. गुरुवारी काम अर्धवटच. प्रमुख चिडला तो उशिरावर नव्हे. मंगळवारी माहीत होतं तर मंगळवारीच का सांगितलं नाही, यावर. आणि आपल्या माणसाला वाटलं, मी जिवापाड राबलो त्याची किंमत नाही. दोघंही आपापल्या जागी खरे होते. त्याला तयार करून पाठवायला मी कमी पडलो होतो.

लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं की मोठ्यांना अडचण सांगणं म्हणजे उलट बोलणं. ‘होऊन जाईल’, ‘करून टाकतो’, ‘काही काळजी करू नका साहेब’ हे सगळे आपले मान राखण्याचे शब्द आहेत. ती सवय इंग्रजी किंवा जर्मनचे वर्ग लावून जात नाही, कारण ती मराठीतच बसलेली आहे. म्हणून तिचा सराव मराठीतच करून घे. समोर खुर्चीत तू बस आणि प्रत्येकाकडून तीन वाक्यं म्हणवून घे: गुरुवारी होणार नाही. कारण हे आहे. सोमवारी देतो. पहिल्या दिवशी माणसं हसतील, मान खाली घालतील, मध्येच ‘सॉरी मॅडम’ म्हणतील. दोन आठवडे रोज करून घे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘नाही समजलं, पुन्हा सांगा’ असं उत्तर देण्याचाही सराव त्यातच येऊ दे. ते जमलं की जर्मन वाक्यं पाठ करायला वेळ लागत नाही.

उद्या जपानला कुणाला पाठवायचं झालं तर मात्र हाच धडा उलटा फिरवावा लागेल. तिथे नकार तोंडावर देत नाहीत. ‘जरा अवघड आहे’ म्हणाले की तो नकार समजायचा. आणि त्यांचा ‘हाय’, म्हणजे जपानीतला ‘हो’, ऐकून आपला माणूस खूश होतो, पण पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच असतो. सगळ्या देशांसाठी एकच पुस्तिका छापू नकोस.

कागदपत्रांत तू चोख आहेस, म्हणून थोडक्यात लिहितो. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, कमी मुदतीचा व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचाच. आणि बैठकांसाठी मिळालेल्या व्हिसावर मशीनला हात लावायला माणूस पाठवायचा नाही, वरून कितीही घाई झाली तरी. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून पूर्णपणे लागू आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे माणसाची वर्गणी भारतातच भरली जाते याचा दाखला, आधीच काढलंस, तर तिथल्या पेन्शनची वर्गणी वेगळी कापली जात नाही. आरोग्य विमा त्यात येत नाही, तो स्वतंत्र बघ. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा कागद लागतो. रविवारी दुकानं बंद असतात, हेही सांग. पहिल्याच रविवारी उपाशी राहिलेले मला माहीत आहेत.

थंडीची भीती फार घालू नकोस. निफाडच्या पहाटेला मळ्यात पाणी धरलेली माणसं आहेत आपली. त्यांना अंधाराबद्दल सांग. डिसेंबरात तिथे सकाळी आठला उजाडतं आणि साडेचारला सूर्य मावळतो. माणूस अंधारात कामावर जातो आणि अंधारातच खोलीवर येतो. हिवाळ्यात घड्याळाचा फरक साडेचार तासांचा. तिथे संध्याकाळी सहाला सुट्टी होते तेव्हा नाशिकमध्ये साडेदहा वाजलेले असतात, पोरं झोपलेली असतात. मग फोनवर बायकोशी दोन मिनिटं, ‘जेवलास का’, ‘सगळं मजेत’, आणि संपलं. हा ‘मजेत’सुद्धा त्या ‘बघतो’चाच भाऊ. तिकडे याला रडू येत असतं, इकडे सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलेलं असतं, आणि दोघंही एकमेकांना ‘मजेत’ सांगतात. तिथली दुपारची बाराची सुट्टी म्हणजे आपले साडेचार. मुलं शाळेतून आलेली असतात. रोजचा फोन त्या वेळेला करायला सांग. आणि घरच्यांना आधीच बोलावून घे. बँकेचं खातं दोघांच्या नावावर आहे का, मुखत्यारपत्र लागेल का, रात्री-अपरात्री गाडी घेऊन कोण येईल, हे त्यांच्यासमोर लिहून काढ. कंपनीत त्यांनी कुणाला फोन करायचा, ते नावानिशी सांग. ते नाव तुझंच असू दे.

आता परत येण्याचं. त्याची तयारी जाण्याच्या आधीच करायची असते. 1955 साली लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून सांगितलं की सुरुवातीचा आनंद ओसरला की मन खाली जातं आणि मग सावरतं. 1963 मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्यात भर घातली: घरी परतल्यावर तीच घसरण पुन्हा होते. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. माणूस परत येतो, त्याच जुन्या टेबलावर बसतो. चॉकलेट वाटून होतं, फोटो बघून होतात, आणि तिथे शिकलेलं काय ते कुणी विचारत नाही. त्याने बैठकीत ‘हे गुरुवारी होणार नाही’ असं स्पष्ट म्हटलं की ‘फॉरेनचं वारं लागलं’ म्हणतात. ज्याला आपण खरं बोलायला शिकवलं, त्यालाच आपण गप्प बसवतो. अशी माणसं वर्षभरात नोकरी सोडून जातात, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून निघण्याआधी परतल्यानंतरचं काम त्याच्या हातात लेखी दे. आल्यावर आठवडाभरात त्याच्या वरिष्ठाला त्याच्यासमोर बसव, आणि पुढच्या तुकडीचा सराव त्यालाच घ्यायला लाव. वरिष्ठांशी हे आधी बोलून ठेव. ते ‘बघू’ म्हणतील, तर तारीख विचार.

या शनिवारी दुपारी पाचही जणांना घरच्यांसकट बोलाव. मी गंगापूर रोडवरून रिक्षाने येईन, गाडी पाठवू नकोस. घरच्यांच्या खुर्च्या पुढच्या रांगेत मांड.

तुझे,
सर